नववी-दहावीच्या मुलांना मुरूम नीट समजावून सांगायचा आहे. आत काय घडतं, डाग का राहतात, खड्डे का पडतात?

पाटीपेन्सिल:

तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. नववी-दहावीसाठी किशोरवयातल्या आरोग्यावर सत्र ठरलं आहे. मुलांकडून आधी निनावी चिठ्ठ्या मागवल्या, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या मुरमांवर निघाल्या. ‘वयात येताना तैलग्रंथींचा स्राव वाढतो’ एवढ्या वाक्यावर या मुलांना घरी पाठवायचं नाहीये. चिठ्ठ्यांमधले प्रश्न थोडक्यात असे:

मुरूम येतो तेव्हा कातडीच्या आत नेमकं काय होतं? ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा असतो का? दिवसातून पाचसहा वेळा तोंड धुऊनही मुरूम का येतात? एखाद्याचा मुरूम मागमूस न ठेवता जातो, एखादीला वर्षभर काळा डाग राहतो आणि एखाद्याला कायमचा खड्डा पडतो, हे कशामुळे? लिंबू, टूथपेस्ट, हळद लावावी का? ‘मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने आठ दिवसांत चेहरा साफ आणि गोरा झाला, पण बंद केली की दुप्पट येतात’ अशाही काही चिठ्ठ्या आहेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आमच्याकडे त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात. त्यामुळे घरी काय करता येईल आणि कोणत्या खुणा दिसल्या की मुलांना डॉक्टरांकडे पाठवायचंच, हेही सांगा.

त्वचाओपीडी:

मुलांना पहिली गोष्ट ही सांगा की आज आरशात दिसलेला मुरूम आजचा नसतो. त्याची सुरुवात साधारण आठ आठवडे आधी झालेली असते. हे कळलं की ‘काल काय खाल्लं’, ‘परवा कोणता साबण लावला’ असा शोध घेणं आपोआप कमी होतं, आणि औषधाला दोन-तीन महिने का द्यावे लागतात तेही समजतं.

आता फळ्यावर रोमकूपाचं चित्र काढा. केस ज्या नळीतून वर येतो ती नळी म्हणजे रोमकूप. तिच्या बाजूला तैलग्रंथी असते आणि तिचा स्राव, म्हणजे सीबम, त्याच नळीत येऊन पृष्ठभागावर पोचतो. चेहऱ्यावर केस अगदी बारीक आणि ग्रंथी मात्र मोठ्या. कपाळ-नाकावर तर चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० ग्रंथी असतात. छाती आणि पाठीच्या वरच्या भागातही त्या भरपूर. तळहात-तळपायाला त्या नसतातच, म्हणून तिथे मुरूम कधी येत नाहीत. हा प्रश्न मुलांनाच विचारा, उत्तर तेच काढतील.

या नळीत चार गोष्टी बिघडतात. त्या एकामागून एक घडत नाहीत, एकमेकींत गुंतलेल्या असतात.

सीबम वाढतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचे अँड्रोजेन (पुरुषी हॉर्मोन, मुलींतही थोडे असतात) आठव्या-नवव्या वर्षापासूनच वाढू लागतात, म्हणून काही मुलींना पहिली पाळी येण्याआधीच नाकावर आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या दिसतात. तैलग्रंथीत एक विकर टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर त्याहून प्रबळ अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करतं आणि ग्रंथी फुगते. मुरूम येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या रक्तातले हॉर्मोन मात्र नॉर्मलच असतात. त्याच पातळीला कुणाची ग्रंथी किती प्रतिसाद देते, हे बरंचसं आनुवंशिक आहे. आईवडिलांना खूप मुरूम आले असतील तर मुलांना येण्याची शक्यता जास्त असते. हे मुद्दाम सांगा, कारण मुलं स्वतःला दोष देत बसतात.

नळीच्या तोंडाजवळचं अस्तर दाटतं. तिथल्या मृत पेशी एरवी एकेक सुटून सीबमबरोबर बाहेर पडतात. इथे त्या जास्त तयार होतात आणि एकमेकींना चिकटून राहतात. आत बूच तयार होतं. ते इतकं सूक्ष्म असतं की डोळ्यांना दिसत नाही. त्याला मायक्रोकोमेडोन म्हणतात, आणि पुढे येणारा प्रत्येक मुरूम यातूनच निघतो.

बुचामागे सीबम साठतं आणि प्राणवायू कमी होतो. असं वातावरण क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूला मानवतं. (जुन्या पुस्तकांत प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस असं नाव सापडेल, २०१६ मध्ये ते बदललं.) हा जिवाणू मुरूम नसलेल्या माणसांच्या त्वचेवरही असतो. त्यामुळे एकाचा मुरूम दुसऱ्याला लागत नाही. वर्गात हे स्पष्ट सांगावं. जिवाणू सीबममधल्या स्निग्धांशाचे तुकडे करतो, सुटी मेदाम्लं तयार होतात आणि नळीचं अस्तर चिडतं.

चौथी गोष्ट म्हणजे दाह. पूर्वी तो शेवटचा टप्पा मानत. आता माहीत आहे की वरून साध्या दिसणाऱ्या त्वचेतही, मुरूम येऊ घातलेल्या रोमकूपाभोवती प्रतिकारशक्तीच्या पेशी आधीच जमलेल्या असतात. दाह पहिल्यापासून असतो, वाढतो मात्र नंतर.

ब्लॅकहेडविषयी: बूच घट्ट बसलं आणि तोंड बंद राहिलं तर कातडीच्या रंगाचा किंवा पांढुरका, एक-दोन मिलिमीटरचा उंचवटा दिसतो. गाल बोटांनी ताणला की तो नीट कळतो. तोंड रुंदावून बूच उघड्यावर आलं की ब्लॅकहेड. त्याचा काळेपणा मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचा, आणि हवेत ऑक्सिडाइझ झालेल्या स्निग्धांशाचा. मळ नाही, म्हणून घासून जात नाही. दिवसातून दोनदा, आणि घाम आल्यावर एकदा, सौम्य फेसवॉशने धुणं पुरे. पाचसहा वेळा धुतलं की त्वचेचं वरचं संरक्षक आवरण खराब होतं, आग होते, आणि पुढे औषध लावलं की तेही सोसत नाही. अर्ध्या मुलांचे उपचार इथेच फसतात.

पुढे नळीची भिंत फुटते आणि आतला माल, म्हणजे केराटिन, सीबम, जिवाणू, खालच्या थरात सांडतो. शरीराला हे सगळं परकं वाटतं आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. वरच्या भागात फुटली तर ५ मिलिमीटरपेक्षा लहान लाल, दुखरी पुळी किंवा पू भरलेली पुळी. खोलवर फुटली तर गाठ, जी बोटाला आधी जाणवते आणि डोळ्याला नंतर दिसते. नखाने दाबल्यावर थोडा पू बाहेर येतो पण बराच माल आत ढकलला जातो, आणि वर फुटलेली पुळी खोल गाठ होऊन बसते. ‘फोडू नका’ एवढंच सांगण्याऐवजी चित्रात बाण आतल्या दिशेने काढून दाखवा.

पाटीपेन्सिल:

फार उपयोगी. मुलींच्या चिठ्ठ्यांत ‘पाळीच्या आधी हनुवटीवर येतात’ हे बऱ्याच जणींनी लिहिलंय. त्यांना हॉर्मोनच्या तपासण्या करायला सांगावं का?

त्वचाओपीडी:

नाही, सरसकट नको. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरूम वाढणं अगदी सामान्य आहे. तपासणी कुणाची? पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाली तरी ३५ दिवसांहून लांब किंवा २१ दिवसांहून जवळ पाळी येते, हनुवटी-ओठांवर जाड राठ केस येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात, किंवा नेहमीच्या औषधांना मुरूम दादच देत नाहीत, अशा मुलीची. आणि शाळकरी मुलीला केवळ सोनोग्राफीवरून ‘पीसीओएस (अंडाशय आणि हॉर्मोनचा विकार) आहे’ म्हणू नये. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत अंडाशयांत बरीच बीजं दिसणं स्वाभाविक असतं, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच या वयात सोनोग्राफीवर निदान करू नका म्हणतात. हा शिक्का फार लवकर बसतो आणि मुली विनाकारण घाबरून जातात.

औषधपेटी:

औषधं लावण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो. काउंटरवर दिसतं ते असं की औषध बरोबर असतं आणि लावणं चुकतं.

डॉक्टर सुरुवातीला बहुधा दोन गोष्टी देतात: रात्रीसाठी ॲडापॅलीन ०.१ टक्का आणि सकाळसाठी किंवा एकत्र जेलमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. ॲडापॅलीन पेशींचं चिकटणं थांबवतं, म्हणजे वर सांगितलेलं सूक्ष्म बूच तयार होऊ देत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड रोमकूपात प्राणवायू सोडून जिवाणू मारतं, आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत. २.५ टक्क्यांचा गुण ५ किंवा १० टक्क्यांच्या बरोबरीचा मिळतो आणि आग मात्र कमी होते, म्हणून ‘जास्त स्ट्राँग द्या’ असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

रात्रीचं ॲडापॅलीन असं लावा. चेहरा धुऊन टिपा, घासू नका. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर औषध जास्त आत जातं आणि जळजळतं. मटारच्या दाण्याएवढं जेल घ्या, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर टिंब ठेवा आणि पातळ पसरा. एवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडा. फक्त मुरमावर टिंब लावायचं नाही, कारण पुढच्या महिन्याचा मुरूम आज साध्या दिसणाऱ्या जागी तयार होतोय. वरून बिनसुगंधी, ‘नॉनकोमेडोजेनिक’ (रोमकूप न बुजवणारं) लिहिलेलं मॉइश्चरायझर. फार कोरडी त्वचा असेल तर मॉइश्चरायझर आधी, मग जेल.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात साल निघते, थोडी लाली येते आणि काहींना मुरूम वाढल्यासारखे वाटतात. बहुतेक ट्यूब याच टप्प्यावर कचऱ्यात जातात. आग सहन होत नसेल तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा दर तिसऱ्या रात्रीपासून सुरू करावं, पूर्ण बंद करू नये. गुण ठरवायचा तो १२ आठवड्यांनी.

बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा घ्या, शाळेच्या रंगीत गणवेशाच्या कॉलरला लागू देऊ नका. पाठीवर लावायचं तर ५ टक्क्यांचा वॉश लावून दोन ते पाच मिनिटं ठेवून धुवावा, तेवढ्यानेही जिवाणू कमी होतात. ट्यूब थंड जागी ठेवा, खिडकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत नको. ॲडापॅलीनऐवजी त्याच जातीचं ट्रेटिनॉइन दिलं असेल तर ते आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच वेळी लावू नये, ट्रेटिनॉइन निकामी होतं. ॲडापॅलीनला ही अडचण नाही.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं १ टक्का जेल लोक सर्रास मागतात, दोन दिवसांत लाली उतरते म्हणून. ते एकटं महिनोन्महिने लावलं की जिवाणू सरावतात. क्लिंडामायसिन हवं तर बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच. पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकचंही तेच: डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिलं तर त्याच्या जोडीला लावायचं औषध हवंच, आणि कोर्स शक्यतो तीन महिन्यांच्या आत संपवायचा. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ नये. अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध तिच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवा. उन्हाने चेहरा भाजल्यासारखा होऊ शकतो.

पाटीपेन्सिल, तुमच्या मुलांच्या वयात यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांनी एकदा पाहिलेलं असावं. त्या एकाच भेटीत वर लिहिलेलं वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावं. मग आठवड्यातून एकदाच डॉक्टर येतात याची अडचण वाटत नाही.

त्वचाओपीडी:

आता त्या ‘आठ दिवसांत साफ आणि गोरा’ ट्यूबबद्दल. तुम्हाला काळजी वाटली ती अगदी योग्य आहे. ती बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. मुलांना ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला शिकवा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही नाव असेल तर ती ट्यूब मुरमासाठी नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण असलेली क्रीम वांगासाठी, मोजक्या आठवड्यांपुरती, देखरेखीखाली द्यायची असते. आपल्याकडे ती गोरेपणाची क्रीम म्हणून घराघरांत पोचली आहे.

फसवणूक कशी होते ते समजून घ्या. स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणून पहिल्या आठवड्यात लाली खरोखर उतरते आणि रंग उजळतो. मग त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, ऊन लागलं की आग होते. शेवटी स्टेरॉइडचेच मुरूम येतात. ते ओळखता येतात: सगळे एकाच आकाराचे, एकाच टप्प्यातले, बारीक पुळ्यांसारखे. नेहमीच्या मुरमांत ब्लॅकहेड, पुळ्या, डाग सगळं मिसळलेलं असतं. ट्यूब बंद केली की चेहरा लालभडक होतो, म्हणून मुलगी पुन्हा लावते आणि अडकते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं स्वतंत्र नाव दिलं, आणि त्यांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात, हे तुमच्या चिठ्ठ्याच सांगताहेत.

ज्यांनी ही ट्यूब महिना-दोन महिने किंवा जास्त लावली आहे, त्यांना तुमच्या गावी येणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवाच. ट्यूब सोबत न्यायला सांगा. सोडल्यानंतरचे काही आठवडे अवघड जातात, त्या काळात आधार लागतो, आणि घरच्यांनाही हे आधी समजावलं तर मुलगी टिकते.

रानमेवा:

आहाराविषयी मी लिहिते, कारण घरोघरी ‘उष्णता झाली’, ‘पोट साफ नाही’, ‘तळकट खाल्लं’ यावर सगळी चर्चा संपते.

तळलेल्या पदार्थातलं तेल त्वचेतून बाहेर येत नाही. पुरावा आहे तो दोन गोष्टींचा. एक, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं: बिस्किटं, पाव, शीतपेयं, मिठाई, फरसाणाबरोबर गोड चहा. त्याने इन्शुलिन वाढतं, त्याच्या मागे आयजीएफ-१ हे वाढीचं हॉर्मोन वाढतं, आणि दोन्ही मिळून तैलग्रंथीला आणि नळीच्या पेशींना चालना देतात. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या आणि पॅराग्वेतल्या आचे लोकांच्या पाहणीत मुरूम आढळलेच नव्हते. तिथे साखर-मैद्याचं खाणं जवळपास नव्हतं. ती पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त आहारच कारण, असं तिच्यावरून म्हणता येत नाही, पण दिशा दिसते. दुसरी गोष्ट दूध, त्यातही साय काढलेलं, आणि जिममध्ये घेतात ती व्हे प्रोटीन पावडर. अकरावी-बारावीच्या मुलांच्या पाठीवर अचानक मुरूम उसळले तर पावडरीचा डबा आधी विचारा.

वाढत्या वयाच्या मुलांचं दूध सरसकट बंद करायला मात्र माझा विरोध आहे. दोन महिने शीतपेय आणि बिस्किटं कमी करून फरक पडतो का ते आधी बघावं. दही-ताक चालू ठेवावं.

बाहेरून लावायच्या गोष्टींत आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा खोबरेल तेल. केसांना चोपडलेलं तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि केसांच्या रेषेलगत बारीक बंद पुटकुळ्यांची रांग येते. तेल लावायचंच तर रात्री, केसांच्या टोकांना, आणि सकाळी धुऊन टाकावं. हेल्मेटचा पट्टा आणि दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ यांच्या घर्षणाने गाल-हनुवटीवर येतात. स्कार्फ सुती हवा आणि रोज धुतलेला हवा.

लिंबाच्या रसाची आम्लता त्वचेला झेपणारी नाही, आणि रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे चट्टे पडतात. टूथपेस्टमधलं मेंथॉल आणि डिटर्जंट पुळी सुकवल्यासारखं दाखवतात, भोवतालची कातडी मात्र जाळतात. खायचा सोडा तर नकोच. मुलतानी माती वरचं तेल टिपते, आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही, पण आतल्या बुचापर्यंत ती पोचत नाही.

त्वचाओपीडी:

तेलाच्या मुद्द्याला एक जोड. कपाळ, छाती, पाठीवर एकसारख्या बारीक पुळ्या असतील, त्यांना खाज येत असेल आणि ब्लॅकहेड एकही नसेल, तर तो मुरूम नसून मॅलासेझिया या बुरशीचा रोमकूपदाह असू शकतो. दमट हवेत, कोकणात आणि मुंबईत, हा पुष्कळ दिसतो. अँटिबायोटिकने तो वाढतो. उपचार वेगळे आहेत, त्यामुळे खाज हा प्रश्न जरूर विचारा.

देवगडकर:

इथेच एक विचारतो. दहावीतल्या मुलाच्या पाठीवर आणि जबड्यावर गाठी आहेत. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन २० मि.ग्रॅ. लिहून दिलंय. वजन ५५ किलो. लिव्हर खराब होतं असं सगळे म्हणतात. किती दिवस घ्यावं लागतं?

त्वचाओपीडी:

देवगडकर, गाठी आणि खड्डे पडायला लागलेत अशा मुलासाठी हेच योग्य औषध आहे. बिघडलेल्या चारही गोष्टींवर काम करणारं एवढं एकच आहे, तैलग्रंथीच आक्रसते. हिशोब साधा आहे. साधारण १२० ते १५० मि.ग्रॅ. दर किलो वजनामागे एकूण मात्रा पोटात जावी लागते. ५५ किलोला ६,६०० ते ८,२५० मि.ग्रॅ. रोज २० ने ६,६०० व्हायला ३३० दिवस, रोज ३० ने २२० दिवस. तीव्र गाठींमध्ये सुरुवात कमी मात्रेने करतात, कारण एकदम जास्त दिलं तर पहिल्या महिन्यात भडका उडू शकतो. चार महिन्यांत चेहरा स्वच्छ दिसला म्हणून स्वतःहून थांबवू नका, मुरूम परतण्याचं ते मोठं कारण असतं.

कॅप्सूल मुख्य जेवणाबरोबर घ्यावी, जेवणात तूप, तेल किंवा शेंगदाणे असावेत. उपाशीपोटी घेतली तर निम्म्याच्या आसपासच शोषली जाते. ओठ सगळ्यांचेच फुटतात, दिवसातून अनेकदा पेट्रोलियम जेली लावा. नाकातून थोडं रक्त येऊ शकतं. लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड्सची (रक्तातल्या चरबीची) तपासणी सुरू करण्याआधी आणि मग एक-दोन महिन्यांनी करतात. आकडे वाढले तर मात्रा कमी केली की बहुधा खाली येतात. डोकं सतत दुखणं, नजर धूसर होणं, मन फार खचणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी कळवा. डॉक्सिसायक्लिन आणि अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या याच्याबरोबर घ्यायच्या नाहीत. संपल्यावर महिनाभर रक्तदान नाही.

उरलेल्या कॅप्सूल बहिणीला, मैत्रिणीला अजिबात द्यायच्या नाहीत. गर्भात गंभीर व्यंग होतं. स्त्रियांना हे देताना आधी गर्भचाचणी करतात आणि एक महिना आधीपासून संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत गर्भधारणा टाळावी लागते.

सूक्ष्मसुई:

डाग आणि खड्डे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं दोन्हींना डागच म्हणतात. बोट फिरवून बघायला सांगा. बोटाला काही लागत नाही, फक्त रंग वेगळा, तर तो डाग. बाजूने उजेड पाडला की सावली दिसते, तर खड्डा.

डागाचं कारण मेलॅनिन. दाहातून सुटलेली रसायनं रंगपेशींना डिवचतात आणि त्या जास्त मेलॅनिन बनवून आसपासच्या पेशींना देतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगपेशी मुळातच जास्त क्रियाशील असतात, म्हणून आपल्याकडे मुरमापेक्षा डागाचीच तक्रार मोठी असते. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि सहा महिने ते वर्षभरात विरतो. दाह जोरात होऊन वरच्या आणि खालच्या थरांमधला पडदा फाटला तर मेलॅनिन खाली सांडतं; मग डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं राहू शकतो. फोडलेल्या मुरमाचा डाग जास्त का टिकतो, ते यावरून कळतं.

डागासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा वर, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर काढलेल्या दोन रेघा एवढं चेहरा आणि मानेला लागतं. सकाळी एकदा, आणि मैदानावर जायचं तर दोन-तीन तासांनी पुन्हा. ॲडापॅलीन डागांनाही मदत करतं. ॲझेलेइक ॲसिड १० ते २० टक्के हे मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही सुरक्षित मानतात. नव्या पुळ्या थांबल्याशिवाय डागांच्या मागे लागणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

खड्डा कोलॅजनच्या, म्हणजे त्वचेला आधार देणाऱ्या तंतूंच्या, नाशाने पडतो. फुटलेल्या रोमकूपाभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी विकरं सोडतात आणि ती कोलॅजन विरघळवतात. भरून येताना जेवढं गेलं तेवढं परत तयार झालं नाही की खळगा राहतो. काहींमध्ये हा दाह लवकर शमतो, काहींमध्ये आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. दुसऱ्या गटातल्यांना लहान पुळीनेही खड्डा पडतो. घरात कुणाला खड्डे असतील तर सुरुवातीपासूनच जोरदार उपचार करावेत, वाट पाहू नये. हेच उलट होऊन कोलॅजन जास्त तयार झालं तर उंच, कडक केलॉइड येतो, जबड्याची कड, खांदे आणि छातीवर विशेष.

खड्ड्यांचे तीन प्रकार, आणि उपचार प्रकारावर ठरतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, तोंडाशी दोन मिलिमीटरपेक्षा कमी: यांत तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक) आम्लाचं टिंब टाकतात किंवा छोट्या पंचने काढतात. उभ्या कडांचे, सपाट तळाचे: मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारलेला लेझर). चार-पाच मिलिमीटरहून रुंद, लाटांसारखे: यांना खाली तंतूंनी ओढून धरलेलं असतं, म्हणून सबसिजनने सुई घालून ते तंतू सोडवतात. लेझर किंवा क्रीमने हा तिसरा प्रकार फारसा सुधारत नाही. एकाच चेहऱ्यावर तिन्ही असतात. सावळ्या त्वचेवर लेझर जोरात मारला तर नवे काळे डाग पडतात, म्हणून कमी शक्तीच्या जास्त बैठका घेतात. मायक्रोनीडलिंगच्या बैठका साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार किंवा जास्त, आणि कोलॅजन पुढे काही महिने तयार होत राहतं. ऑनलाइन मिळणारा डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) चालू मुरमांवर घरी फिरवू नये, पू आणि जिवाणू चेहराभर पसरतात.

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे मनापासून आभार. फळ्यावरची चित्रं आणि ट्यूबवरची चार नावं नक्की घेते. शेवटचं एक: तज्ज्ञ आठवड्याने येतात. एखाद्या मुलाला परीक्षेच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या तोंडावर मोठी गाठ आली तर काय सांगू?

सूक्ष्मसुई:

स्वच्छ कपड्यात बर्फ गुंडाळून पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुखणं आणि सूज उतरते. दाबायचं नाही, गरम शेक देऊन ‘पिकवायची’ नाही. तज्ज्ञ असतील तर गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं अगदी सौम्य इंजेक्शन देतात, मिलिलिटरला २.५ मि.ग्रॅ.च्या आसपास, आणि थेंबभरच. दोन-तीन दिवसांत गाठ बसते. जास्त दिलं तर तिथेच खळगा पडतो, म्हणून ते इतर कुणाकडूनही घेऊ नये. गाठीबरोबर ताप, सांधेदुखी असेल किंवा छाती-पाठीवरच्या गाठी फुटून जखमा होत असतील तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवा. नाक आणि वरच्या ओठाजवळची पुळी फोडल्यावर डोळ्याभोवती सूज येऊन ताप आला, तर तेही त्याच दिवसाचं काम आहे.